अख्खी कोंबडी घरी कापायची तर

चिकनच्या दुकानात आपला नंबर लागला की प्रश्न ठरलेला असतो: करी कट की बिर्याणी कट? आपण काहीतरी एक सांगतो, लाकडी ठोकळ्यावर सत्तूर धडाधड पडतो आणि दोन मिनिटांत पिशवी हातात येते. रविवारी सकाळी दुकानासमोर रांग असते. प्रत्येक सांधा शोधत बसणं दुकानदाराला परवडणारं नाही. पण सत्तूर घाईत चालला की मांडीच्या हाडातून आरपार जातो, बरगड्यांचा चुरा करतो आणि ती अणकुचीदार कुसळं रश्शात उतरतात. लहान मुलाला किंवा घरातल्या वयस्कर माणसाला चिकन भरवताना प्रत्येक घास चाचपून द्यावा लागतो तो यामुळेच. शिवाय छातीचे आणि पायाचे तुकडे एकाच मापाचे, एकाच पिशवीत सरमिसळ झालेले. एकत्र शिजायला टाकले की मांडी मऊ होईपर्यंत छाती कोरडी पडलेली असते.

यावर उपाय सोपा आहे. अख्खी कोंबडी आणा आणि घरी कात्रीने सांध्या-सांध्यातून सोडवा. ताकद लागत नाही, सत्तूर लागत नाही, सवय झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना तर हे यायलाच हवं. तिथल्या मोठ्या दुकानांत अख्खी कोंबडी सुट्या तुकड्यांपेक्षा बहुधा स्वस्त मिळते, पण आपल्याला हवे तसे रश्शाचे तुकडे करून देणारं कोणी नसतं.

सुरीऐवजी कात्री का, हे आधी सांगतो. कच्चं चिकन बुळबुळीत असतं. सुरी हाडावरून घसरली की ती कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि दुसरा हात तर तिथेच, मांस धरून बसलेला असतो. कात्री जे कापायचं ते दोन पात्यांत धरूनच कापते. तिची टोकं अरुंद जागेत, सांध्याच्या आत शिरतात. मनगट दुखरं असलेल्यांनाही ती झेपते.

कात्री मात्र त्याच कामाची हवी. शिवणकामाची नको, कागदाची नको. आणि दुधाची पिशवी, मसाल्याची पुडी फोडायला ओट्यावर टांगलेली असते ती तर अजिबात नको. कच्च्या चिकनला लागलेली कात्री दुधाच्या पिशवीला लावायची नसते. दुकानात ‘किचन कात्री’ किंवा ‘चिकन कात्री’ मागा आणि हातात घेऊन बघा. पाती जाड आणि ताठ हवीत. दोन पाती जुळतात तिथे, स्क्रूच्या जवळ, एका पात्याला खाच असते. हाड त्या खाचेत धरलं की निसटत नाही. मुठीत चारही बोटं मोकळी बसली पाहिजेत. सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही पाती एकमेकांपासून सुटी करता येणारी कात्री घ्या. जोडलेल्या कात्रीच्या बिजागरीत मांसाचा कण अडकून राहतो आणि वरून कितीही धुतली तरी तो निघत नाही. डावखुऱ्यांनी डाव्या हाताची कात्री शोधावी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात पाती दाबण्याऐवजी फाकवते, मांस कापलं न जाता चुरगळतं. घरी आणल्यावर मुठीला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरात कोणीही ती कोथिंबिरीला लावणार नाही.

आता कोंबडी. ही सगळी पद्धत ब्रॉयलरसाठी आहे. ब्रॉयलर साधारण पाच-सहा आठवड्यांची असते, हाडं कोवळी, बरगड्या तर कात्रीने सहज कटकट तुटतात. साफ केल्यानंतर एक ते सव्वा किलो भरेल अशी घ्या. शिकायला हे माप चांगलं. गावठी कोंबडी, कडकनाथ किंवा अंडी देऊन म्हातारी झालेली कोंबडी असेल तर तिचे पाय आणि पंख घरी सोडवा, पण धड दुकानातूनच कापून आणा. वय ओळखायला छातीच्या मधल्या हाडाचं शेपटीकडचं टोक बोटाने दाबून बघतात. ते मऊ असेल, वाकत असेल तर कोंबडी कोवळी. दगडासारखं टणक लागलं तर ते कात्रीचं काम नव्हे.

दुकानात सांगायचं ते सुरुवातीलाच सांगा, कोंबडी त्याच्या हातात गेल्यावर नव्हे. पोट साफ करून, डोकं आणि पंजे काढून, अख्खी हवी. मान ठेवायला सांगा. कलेजी-पेठा वेगळ्या पिशवीत मागा. पित्ताची हिरवट पिशवी कलेजीपासून काढलीय का आणि पेठ्याच्या आतली पिवळी साल सोललीय का, तेवढं बघून घ्या. पित्त फुटलं तर कलेजी कडू होते. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत पिसं उपटत बसण्यापेक्षा कातडीसकट ओढून काढतात, ते लवकर होतं. कातडी हवी असेल तर आधीच ‘विथ स्किन’ सांगावं लागतं. माझं मत विचाराल तर भाजायचं असेल, गोव्याकडचं काफ्रेल करायचं असेल तर कातडी हवीच, रश्शाला नको. रश्शात ती रबरासारखी होते आणि तिची चरबी तर्रीवर तरंगते. काढायची झाल्यास कोरड्या फडक्याने पकडून ओढा. बोटांनी ओढाल तर निसटत राहील.

आणल्याबरोबर कापायला बसू नका. नुकत्याच कापलेल्या कोंबडीचं मांस काही वेळाने आखडतं आणि मग हळूहळू पुन्हा सैल होतं. ती झाकून चार-सहा तास फ्रिजमध्ये ठेवली तर मांस मऊ पडतं, आणि गार मांस घट्ट असल्यामुळे कापायलाही सोपं जातं. छातीचं मांस हाडापासून सोडवून बोनलेस करणार असाल तर हे जरूर पाळा. घाईने सोडवलेली छाती शिजल्यावर चिवट लागते.

धुण्याबद्दल आपल्या घरांत ठाम मतं असतात. चार पाण्यांतून काढल्याशिवाय चिकन पातेल्यात पडत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अन्नसुरक्षा यंत्रणा मात्र कच्चं चिकन धुऊच नका असं सांगतात. कारण पटण्यासारखं आहे. चिकनवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. ते पाण्याने जात नाहीत, उष्णतेने मरतात. नळाखाली धुतलं की शिंतोडे मात्र ओटा, भांडी, शेजारी निथळत ठेवलेली काकडी-टोमॅटो, सगळ्यांवर उडतात. आपल्या दुकानांतून येणाऱ्या कोंबडीला रक्त, एखादं पीस चिकटलेलं असतं, त्यामुळे न धुणं अनेकांच्या पचनी पडणार नाही, हेही मला कळतं. मग निदान नळाखाली धरू नका. मोठ्या पातेल्यात आधी पाणी भरा, त्यात कोंबडी अलगद बुडवा, हाताने पुसा, पाणी सिंकमध्ये हळू ओता आणि नंतर सिंक साबणाने घासा. मग कोंबडी आतून-बाहेरून कोरडी पुसून घ्या. ओली कोंबडी हातात राहत नाही.

कापायला पाट-फळी लागत नाही, कात्रीचा हाही एक फायदा. मोठी स्टीलची परात घ्या, खाली ओलं फडकं पसरा म्हणजे ती सरकणार नाही. बाजूला दोन पातेली ठेवा: एक तुकड्यांसाठी, एक पाठ-मान-चरबीसाठी. मीठ, हळद, आलं-लसणाचं वाटण जे काही लावायचं असेल ते आधीच काढून ठेवा, नाहीतर चिकनच्या हाताने डबे उघडले जातात.

कोंबडी परातीत उताणी ठेवा, छाती वर, पाय तुमच्याकडे. एक पाय धरून बाहेर ओढा. मांडी आणि छाती यांच्यामध्ये कातडी ताणली जाते. कातडी काढलेली असेल तर तिथे पातळ पापुद्रा दिसतो. तेवढाच कात्रीच्या टोकाने कापा, मांसाला हात लावू नका. आता तो पाय बाहेरच्या बाजूला आणि खाली, पाठीकडे, मुडपा. कट्ट असा आवाज होतो आणि मांडीच्या हाडाचं गोल पांढरं टोक खोबणीतून बाहेर येतं. शाळेत शिकलो तो उखळीचा सांधा हाच. कात्री त्या गोल टोकाच्या आणि खोबणीच्या मधून घाला. विरोध जाणवलाच तर तुम्ही हाडावर आहात, जरा इकडेतिकडे सरका. कात्री पाठीच्या कण्याला चिकटून चालवायची, ही गोष्ट विशेष सांभाळा. कण्याच्या दोन्ही बाजूंना, या सांध्याच्या किंचित मानेकडे, हाडाच्या खळग्यात मऊ मांसाची एक छोटी गोळी बसलेली असते. संपूर्ण कोंबडीतला तो सगळ्यात चवदार घास आहे असं मी मानतो. कात्री कण्यापासून दूर गेली तर तो पाठीबरोबर राहतो. जवळून गेली तर मांडीबरोबर येतो. दुसरा पायही तसाच काढा.

सुटलेला पाय आतली बाजू वर करून ठेवा. मांडी आणि तंगडी जिथे जुळतात तिथे चरबीची पांढरट रेघ दिसते. सांधा तिच्याखालीच, किंचित तंगडीच्या बाजूला असतो. दिसत नसेल तर गुडघा दोन-तीनदा दुमडून-उघडून बोटाने चाचपा. तिथे कात्री आडवी घातली की एका दाबात दोन तुकडे होतात. मांडीचं हाड मात्र कात्रीने तोडू नका. तुटेल, पण सत्तुराने होतात तशाच चिपा होतील, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला? मांडी मोठी वाटली तर हाडापर्यंत दोन चिरा द्या. मसालाही आत जातो, शिजतेही लवकर.

पंख काढायला तो छातीपासून दूर ओढून गोल फिरवा. खांद्यात जिथे हालचाल जाणवते तिथे बोट ठेवा आणि कात्री तिथेच चालवा. पंखाचे तीन भाग असतात. टोकाचा भाग रश्शाला काही देत नाही, तो पाठीच्या पातेल्यात टाका. खांद्याकडचा मांसल भाग म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं चिकन लॉलीपॉप. त्याच्या बारीक टोकाभोवती कात्रीने गोल चीर देऊन शिरा तोडा, मग मांस हाडावरून दुसऱ्या टोकाकडे ढकलत न्या; गोळा तयार होतो. मधल्या भागात दोन हाडं असतात. त्यातलं बारीक हाड पिळून काढून टाका आणि जाड हाडावर मांस तसंच ढकला, त्याचंही लॉलीपॉप होतं. मुलं घरात असतील तर पंख साठवत जा, चार कोंबड्यांच्या पंखांत एका संध्याकाळचा बेत होतो.

आता उरलं धड. ते उभं धरून शेपटीच्या बाजूने आत बघा: एकीकडे छाती, दुसरीकडे पाठ, मध्ये बरगड्या. बरगड्यांवरून चरबीची तिरकी रेघ खांद्याकडे जाते. त्या रेघेवरून शेपटीकडून खांद्यापर्यंत कात्री चालवा, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. बरगड्या पातळ असतात, पटापट तुटतात आणि सरळ कापल्यामुळे त्यांचा चुरा होत नाही. खांद्याशी दोन जाड हाडं लागतील. तिथे जोर लावू नका. कात्री खाली ठेवा, एका हातात छाती आणि दुसऱ्या हातात पाठ धरून पुस्तकासारखी उघडा. सांधे आपोआप निखळतील. मग त्यांच्यामधून कापा.

छाती हाडाची बाजू वर करून ठेवा. मानेकडच्या टोकाला मध्यभागी पांढरी कूर्चा दिसते. तिला कात्रीने छोटी चीर द्या आणि दोन्ही तळव्यांनी छातीच्या बाजू खाली दाबा. मधलं हाड वर उचललं जाईल. त्याच्या अगदी कडेने कापत गेलात की छातीचे दोन भाग होतात. मानेकडे दोन फाट्यांचं एक बारीक हाड असतं. मुलांसाठी करत असाल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी कात्रीचं टोक फिरवून ते आधीच ओढून काढा. प्रत्येक भागाचे आडवे दोन तुकडे केले की छातीचे चार, मांड्या दोन, तंगड्या दोन, पंख दोन. दहा तुकडे, आणि एकाही जाड हाडाची चीप नाही.

पाठ टाकून देऊ नका. शेपटीच्या टोकाशी वरच्या बाजूला पिवळसर तेलाची गाठ असते, ती मात्र कापून काढा. तिचा वास रश्शाला लागतो. पाठीच्या आत, कण्याला चिकटून, गुलाबी स्पंजासारखी फुप्फुसं आणि त्याखाली खळग्यांत काळपट लाल मूत्रपिंडं राहिलेली असतात. ती बोटाने खरवडून काढा, सूप स्वच्छ निघतं. मग पाठ, मान, पंखांची टोकं, एक चिरलेला कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास उकळा. गाळून घेतलेलं हे अळणी पाणी नुसतं प्यायला उत्तम. आजारातून उठलेल्या माणसाला द्या, पांढरा रस्सा करा, किंवा रश्शात साध्या पाण्याऐवजी हेच घाला.

तुकडे वेगळे झाले की शिजवणंही हातात येतं. फोडणीत आधी मांड्या आणि तंगड्या घाला, दहा-बारा मिनिटांनी पंख आणि छाती. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस दाखवले म्हणजे चिकन सुरक्षित शिजलं. छाती तिथेच थांबवावी. पायाचं मांस त्याहून थोडं जास्त शिजलं तर उलट मऊ होतं, कारण त्यातल्या चिवट ऊती विरघळायला वेळ घेतात. हाडाजवळ गडद लाल-काळं दिसलं म्हणून घाबरू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो, आणि फ्रीझ केलेल्या चिकनमध्ये जास्तच. तापमान बरोबर असेल तर तो रंग कच्चेपणाचा नव्हे.

लगेच करणार नसाल तर तुकडे झाकून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्यांचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही, आणि एक-दोन दिवसांत संपवा. त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझर. पिशव्या कामाप्रमाणे भरा: रश्शाचे तुकडे एकीत, पंख दुसरीत, पाठी तिसरीत, वर तारीख लिहा. गोठलेलं चिकन आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावं. ओट्यावर ठेवून वितळवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. कच्चं चिकन दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये, आणि स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर तापलेलं असेल तर एकच तास.

काम झालं की कात्री सुटी करा, गरम पाणी आणि साबणाने दोन्ही पाती घासा, पुसून पूर्ण कोरडी करून मगच जोडा. परात, सिंक, नळाची मूठ, सगळं साबणाने. नळ आपण चिकनच्या हातानेच उघडलेला असतो हे लक्षात राहत नाही. चरबी, कातडी, उरलेले तुकडे एका डब्यात झाकून फ्रीझरमध्ये टाका आणि घंटागाडी आली की ओल्या कचऱ्यात द्या. तोवर ना वास येतो, ना मांजरं पिशवी फाडतात.

पहिली कोंबडी पाहुणे यायच्या दिवशी कापू नका. एखाद्या निवांत रविवारी, घरच्यांपुरतं करायचं असेल तेव्हा कापा. तुकडे वेडेवाकडे झाले तरी रश्शात चालतात, आणि पुढच्या खेपेला सांधे बोटांना आपोआप सापडायला लागतात.